मुलाकडे कॅनडात नवा स्नोब्लोअर आलाय, बाबांनी चालवावा का? जोडणीपासून बोटं सांभाळण्यापर्यंत सगळं

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही दोघं डिसेंबरात बडोद्याच्या कारेलीबागेतून निघून मुलाकडे ब्रॅम्प्टनला चाललात, मार्चअखेरपर्यंत तिथेच. मुलाने यंदाच घर घेतलंय, दोन गाड्यांचा ड्राइव्हवे आहे, आणि २४ इंची टू-स्टेज पेट्रोलचा स्नोब्लोअर, म्हणजे बर्फ उडवून बाजूला टाकणारं मशीन, घेतलाय जो अजून खोक्यात पडलाय. मुलाची नाइट शिफ्ट, सून सकाळी सातला घराबाहेर, म्हणून भावोजी म्हणतायत की बर्फ मी काढीन. वय ६४, स्कूटर आणि शेतावरचा डिझेल पंप आयुष्यभर स्वतः खोलून दुरुस्त केलेत, पण असं मशीन कधी हातात धरलेलं नाही. आणि तुम्हाला धास्ती आहे.

माझं म्हणणं, चालवू द्या. मी कलाभवनातून मेकॅनिकल डिप्लोमा करून नंतर बरीच वर्षं ओंटारिओत छोट्या इंजिनांच्या वर्कशॉपमध्ये काढली, लॉनमोअर, जनरेटर आणि थंडीत दिवसरात्र स्नोब्लोअर, आता हिवाळाभर बडोद्यात असतो. तेव्हा खात्रीने सांगतो, ज्याला मशीनची जाण आहे आणि जो घाई करत नाही त्याच्यासाठी हे अवघड नाहीच, उलट फावड्याने ओला बर्फ उचलून कंबर आणि छाती दोन्हीवर ताण घेण्यापेक्षा पुष्कळ बरं. पण एक गोष्ट डोक्यात पक्की बसायला हवी. या मशीनने माणसं जखमी होतात ती बहुतेक वेळा मशीन सुरळीत बर्फ काढत असताना नाही तर अडलेलं असताना. बर्फ अडकतो, माणूस वैतागतो, गारठलेला असतो, लवकर घरात जायचं असतं, आणि हात घालतो. हात बहुतेक उजवाच, म्हणजे ज्याने आपण जेवतो लिहितो तोच. म्हणून मी सेटिंग आणि सेफ्टी असे दोन वेगळे कप्पे करत नाही, मशीन नीट लावलेलं असेल तर ते कमी अडतं आणि कमी अडलं की हात घालायची वेळच कमी येते. खाली जे जे सांगतोय ते सगळं त्याच एका कारणासाठी आहे.

आधी मशीन काय करतं ते बघा, कारण टू-स्टेज म्हणजे नेमकं काय हे दुकानात कोणी धड सांगत नाही. पुढे जे नागमोडी दातेरी पातं आडवं फिरतं तो ऑगर, तो बर्फ कापून मधोमध गोळा करतो, ही पहिली स्टेज. त्याच्या मागे एक लोखंडी पंखा असतो, इम्पेलर, तो ऑगरपेक्षा कितीतरी जोरात फिरतो आणि गोळा झालेला बर्फ वरच्या शूटमधून, म्हणजे वळवता येणाऱ्या धुराड्यासारख्या नळीतून, लांब फेकतो, ही दुसरी. सिंगल स्टेजमध्ये एकच रबरी पॅडल जमिनीला घासत फिरतं आणि तेच फेकतं, ते हलकं असतं आणि वीतभर बर्फाला पुरतं. तुमच्या मुलाने दोन गाड्यांच्या ड्राइव्हवेसाठी टू-स्टेज घेतलंय ते योग्य केलंय. पण लक्षात ठेवायचं ते हे, की दिसणारा आणि मनात भीती घालणारा ऑगर असतो आणि न दिसणारा इम्पेलर शूटच्या अगदी बुडाशी असतो. शूटमध्ये वरून हात घातला की बोटं थेट त्याच्याजवळ जातात. (कल्पना क्वेबेकमधल्या आर्थर सिकार्ड नावाच्या माणसाची, धान्याच्या मळणीयंत्रावरून सुचली म्हणतात, १९२५ मध्ये त्याने पहिलं यंत्र बनवलं आणि १९२७ मध्ये मॉन्ट्रियलजवळच्या आउटरमाँटला विकलं. ते ट्रकवर बसवलेलं धूड होतं, घरगुती मशीन फार नंतरची.)

आता खोकं उघडल्यावर. हँडल दुमडलेलं असतं ते उघडून बोल्ट कसायचे, शूट बसवायचं, गिअरचा रॉड जोडायचा, मॅन्युअलमध्ये चित्रं आहेत, बापलेकांनी रविवारी बसून केलं तर दोन तासांत होतं. इथे फक्त एकच सांगतो, केबल. हँडलवर दोन लिव्हर असतात, एक चाकांसाठी आणि एक ऑगरसाठी, कुठली कुठल्या बाजूला हे कंपनीप्रमाणे बदलतं म्हणून दुसऱ्याच्या मशीनवर बघून शिकू नका, आपल्या मशीनवरचं चित्र बघा. लिव्हर सोडलेली असताना केबल किंचित सैल असायला हवी, ताणलेली नको. ताणलेली असेल तर लिव्हर सोडूनही बेल्ट थोडा धरून राहतो आणि ऑगर हळूहळू फिरत राहतो, आणि तेच सगळ्यात वाईट.

टायर. कारखान्यातून येताना बरेचदा जास्त हवा भरलेली असते. टायरवर लिहिलेलं बघून दोन्ही बाजूंना सारखीच ठेवायची, साधारण १५ ते २० पीएसआयच्या आसपास असतं. एका चाकात कमी असली की मशीन सतत एका बाजूला ओढतं, माणूस त्याच्याशी झटत राहतो आणि खांदा दुखतो, आणि स्क्रेपर, म्हणजे ऑगरच्या डब्याच्या तळाशी जमीन खरवडणारी पट्टी, तो पण एका बाजूने जमिनीला टेकतो.

ऑइल. नव्या मशीनमध्ये बहुतेक वेळा ऑइल नसतं किंवा थोडंच असतं. हे वाचूनसुद्धा लोक विसरतात आणि पहिल्याच दिवशी इंजिन जाम करून आणतात. ५डब्ल्यू-३० ग्रेडचं घ्यायचं, सिंथेटिक घेतलं तर कडाक्याच्या थंडीत दोरी ओढायला हलकं जातं. मशीन सपाट जागेवर ठेवून डिपस्टिकने बघायचं, वरच्या खुणेच्या पुढे भरायचं नाही. पहिलं ऑइल पाच-एक तास चालल्यावर बदलून टाकायचं कारण नव्या इंजिनातला बारीक चुरा त्यात उतरलेला असतो. भावोजी विचारतील एअर फिल्टर कुठंय, तर बहुतेक स्नो इंजिनांना तो नसतोच, बर्फात धूळ नसते आणि फिल्टर असला तर तो ओला होऊन गोठेल. म्हणून उन्हाळ्यात धुळीत हे इंजिन विनाकारण चालवत बसायचं नाही.

आता ते दोन भाग ज्यांच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगतो. पहिला स्किड शू. ऑगरच्या डब्याला दोन्ही बाजूंना खाली लोखंडी किंवा प्लास्टिकच्या पट्ट्या असतात, त्यांच्यावर मशीनचा पुढचा भाग टेकतो आणि त्या वरखाली करून स्क्रेपर जमिनीपासून किती उंच राहील ते ठरतं. गुळगुळीत डांबरी ड्राइव्हवेला ३ मिलिमीटर पुरे. पेव्हर ब्लॉक असतील, कडा वरखाली झालेल्या असतील तर थोडं अजून वर. आणि खडी असेल तर २५ ते ३० मिलिमीटर, वर थोडा बर्फ राहिला तरी चालेल, कारण नाहीतर मशीन खडी उचलून गोळीसारखी फेकतं, शेजाऱ्याच्या काचेवर किंवा माणसावर. लावायची रीत सोपी आहे, मशीन सपाट जागेवर आणायचं, इंजिन बंद, किल्ली काढलेली, स्क्रेपरच्या खाली दोन्ही टोकांना एकाच जाडीच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या ठेवायच्या, शूचे बोल्ट सैल करायचे, शू आपोआप जमिनीवर बसतात, मग कसून टाकायचे. दोन्ही बाजू सारख्या. एक बाजू खाली राहिली तर मशीन फुटपाथच्या प्रत्येक सांध्यात अडकणार आणि हँडल पोटात बसणार.

दुसरा शिअर पिन. ऑगर त्याच्या शाफ्टला एका मऊ बोल्टने जोडलेला असतो, दोन्ही बाजूंना. ऑगरमध्ये दगड, बर्फाचा गोटा, गोठलेलं वर्तमानपत्र काहीही अडकलं की हा बोल्ट तुटतो आणि ऑगर मोकळा फिरतो, आतला महागडा गिअरबॉक्स वाचतो. घरातला फ्यूज जसा स्वतः जळून वायरिंग वाचवतो तसंच. आणि इथेच आपल्या लोकांची सवय आडवी येते. पिन तुटली, दुकान बंद, बाहेर बर्फ पडतोय, तर गॅरेजमधला कुठलातरी तेवढ्याच जाडीचा बोल्ट घातला. तो बोल्ट बरेचदा हाय टेन्साइल, म्हणजे कडक पोलादाचा असतो, तो तुटत नाही, मग गिअरबॉक्स तुटतो. वर्कशॉपला गिअरबॉक्स फुटलेलं मशीन आलं की मी आधी पिनच बघायचो आणि बहुतेक वेळा तिथे साधा हार्डवेअरचा बोल्ट सापडायचा. भावोजींना पंपाची सवय आहे, मांडवीतल्या हार्डवेअरच्या दुकानातून दोन बोल्ट खिशात टाकून नेऊ का असं ते विचारतीलच, तर नको. कंपनीच्याच पिना तिथे घ्यायच्या, चार-सहा घ्यायच्या आणि एका डबीत घालून हँडललाच बांधून ठेवायच्या, पहिल्या वादळाच्या आधी.

पिनेचं अजून एक आहे जे मॅन्युअलमध्ये असतं पण कोणी करत नाही. वर्षातून एकदा दोन्ही पिना काढायच्या, शाफ्टच्या ग्रीस निपलमधून ग्रीस मारायचं आणि ऑगर हाताने फिरवून बघायचा की तो शाफ्टवर मोकळा फिरतोय. हे काम अर्थात इंजिन बंद, किल्ली खिशात आणि स्पार्क प्लगची टोपी काढून. नाही केलं तर रस्त्यावर टाकतात त्या मिठाच्या पाण्याने ऑगर शाफ्टला गंजून चिकटतो, मग पिन तुटली तरी ऑगर सुटत नाही, म्हणजे पिन असून नसल्यासारखी.

पेट्रोलबद्दल थोडं. ताजं पेट्रोल, महिन्याच्या आतलं, त्यात स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारं द्रव्य, घालून. इथेनॉल जास्तीत जास्त १० टक्के, आपल्याकडे आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉलवालं) येतंय तसलं या छोट्या इंजिनांना चालत नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये बसून चिकट होतं, स्टार्ट न होणारी अर्धी मशीन वर्कशॉपला येतात ती याच्यामुळे. भरायचं ते बाहेर, इंजिन थंड असताना, काठोकाठ नाही. पेट्रोलचा कॅन भरताना तो गाडीच्या डिकीत ठेवून भरू नका, खाली जमिनीवर ठेवून भरा, थंड कोरड्या हवेत स्टॅटिकची ठिणगी पडते.

बर्फ पडायच्या आधी, म्हणजे तुम्ही पोचाल त्याच आठवड्यात, ड्राइव्हवेवरून एकदा नुसते चालून या. पायपुसणं, पाण्याचा पाइप, नातवाची सायकल, दिव्यांची वायर, विटेचा तुकडा, जे असेल ते उचला. बर्फाखाली गेलं की काही दिसत नाही आणि मग ते ऑगरला सापडतं. कडेने रंगीत काठ्या मिळतात त्या जमीन गोठायच्या आधी रोवायच्या, नंतर जात नाहीत. आणि घराच्या बाजूला गॅसचा मीटर आणि हीटरचा धूर बाहेर टाकणारे पाइप कुठे आहेत ते मुलाला विचारून भावोजींनी डोळ्यांनी बघून घ्यावेत. बर्फ त्यांच्यावर फेकायचा नाही. ते पाइप बर्फाने बुजले तर कार्बन मोनॉक्साइड घरात परत येऊ शकतो. घरात सीओचा अलार्म चालू आहे ना हे बटण दाबून बघा, तुम्ही स्वतः बघा, मुलाने हो म्हटलं तरी.

त्याच कारणाने इंजिन गॅरेजमध्ये स्टार्ट करायचं नाही. दार उघडं ठेवून पण नाही. तिकडे गॅरेज घराला चिकटलेलं असतं आणि धूर आत शिरतो, या वायूला वास नाही रंग नाही, माणसाला फक्त डोकं दुखल्यासारखं होतं आणि तो झोपतो. मशीन ढकलत बाहेर आणायचं आणि मग.

स्टार्ट करायचं असं. किल्ली घालायची (प्लास्टिकची साधी चकती असते, ती काढली की इंजिन चालूच होत नाही, म्हणून ती फार कामाची), पेट्रोलचा कॉक उघडा, थ्रॉटल सशाच्या चित्राकडे (म्हणजे पूर्ण वेग), चोक पूर्ण, थंड इंजिनाला प्रायमरचं, म्हणजे आत थोडं पेट्रोल ढकलणारं, रबरी बटण दोन-तीनदा दाबायचं. मग दोरी, आधी हळू ओढून जड लागेपर्यंत आणायची आणि मग एका दमात. बहुतेक मशीनला इलेक्ट्रिक स्टार्टर पण असतो, तो १२० व्होल्टच्या प्लगवर चालतो, ६४ व्या वर्षी खांदा वाचवायला भावोजींनी तोच वापरावा. बाहेरच्या वापराची तीन पिनची वायर, आधी मशीनमध्ये मग भिंतीत, आणि सुरू झाल्यावर आधी भिंतीतून काढायची मग मशीनमधून. बटण पाच-दहा सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरायचं नाही, नाही लागलं तर थोडं थांबून परत. लागल्यावर चोक हळूहळू काढायचा आणि दोन-चार मिनिटं गरम होऊ द्यायचं.

आणि मग बर्फात जायच्या आधी एक टेस्ट, प्रत्येक वेळी, रोज. ऑगरची लिव्हर दाबा, फिरू द्या, सोडा आणि बघा. पाच सेकंदांच्या आत ऑगर पूर्ण थांबला पाहिजे. नाही थांबला तर त्या दिवशी मशीन बंद, फावडं घ्या, आणि दुरुस्तीला पाठवा. ही लिव्हर म्हणजे तुमचा जीव आहे, ती दोरीने बांधून किंवा टेप लावून दाबून ठेवलेली मी बघितलीय, हात दुखतो म्हणून. असं कधीच नाही. आणि अजून एक, बऱ्याच टू-स्टेज मशीनमध्ये दोन्ही लिव्हर दाबल्यावर ऑगरची सोडली तरी ऑगर फिरतच राहतो, मोकळ्या हाताने शूट वळवता यावं म्हणून मुद्दाम तशी सोय असते, चाकाची लिव्हर सोडली की दोन्ही थांबतात. हे माहीत नसलं तर माणसाला वाटतं एक हात काढला म्हणजे ऑगर थांबला. भावोजींना हे पहिल्याच दिवशी कोरड्या ड्राइव्हवेवर करून दाखवा, सुटीच्या दिवशी मुलाला सोबत उभं करून.

चालवताना थ्रॉटल नेहमी पूर्ण. लोकांना वाटतं आवाज कमी केला तर सोपं जाईल, पण इम्पेलर मंद फिरला की बर्फ शूटमध्ये बसतो आणि अडतो. वेग कमी-जास्त करायचा तो चाकांचा, पहिल्या-दुसऱ्या गिअरने सुरुवात करायची, आणि गिअर बदलताना चाकाची लिव्हर सोडून थांबून बदलायचा, चालताचालता नाही, नाहीतर आतली घर्षणाची रबरी चकती खराब होते. कोरडा भुसभुशीत बर्फ असला तर पूर्ण रुंदी घ्या. शून्याच्या आसपासचा ओला जड बर्फ मात्र फसवतो, दिसायला पांढरा आणि निरुपद्रवी, आणि तोच शूट बंद करतो. त्याला अर्धीच रुंदी, अगदी हळू. शूटच्या आत आधीच सिलिकॉन स्प्रे मारून ठेवला तर पुष्कळ फरक पडतो. आणि बर्फ खूप पडतोय असा अंदाज असेल तर सगळा पडून थांबेपर्यंत वाट बघू नका, मधे एकदा काढून घ्या, जाड थर एकदम घेण्यापेक्षा दोनदा पातळ घेणं सोपं.

सुरुवात ड्राइव्हवेच्या मधोमध करून दोन्ही बाजूंना फेकत जायचं, प्रत्येक पट्टा आधीच्यावर थोडा चढवून. वारा पाठीशी घ्यायचा, नाहीतर सगळा बर्फ तोंडावर येतो आणि चष्मा गोठतो. शूट माणसाकडे, गाडीकडे, खिडकीकडे कधीच नाही, आणि रस्त्यावर पण नाही, ओंटारिओच्या हायवे ट्रॅफिक अ‍ॅक्टप्रमाणे रस्त्यावर बर्फ टाकणं गुन्हा आहे. उतारावर वरखाली चालायचं, आडवं नाही. रिव्हर्स घेताना आधी मागे बघायचं, मग लिव्हर दाबायची, मागे सरकताना पाय घसरून मशीन अंगावर येतं.

मग ड्राइव्हवेच्या तोंडाशी ती भिंत. म्युनिसिपालिटीचा प्लाऊ, म्हणजे पुढे पातं लावलेली बर्फ ढकलणारी गाडी, रस्ता साफ करत जातो आणि तुमच्या दारात ढीग टाकून जातो, मिठाचा, ओला, घट्ट आणि त्यात बर्फाचे गोटे. नवे लोक यालाच धडक देतात आणि पिना तुटतात. तो गोठायच्या आधी काढायला हवा, शक्यतो त्याच सकाळी, कडेने पातळ पातळ काप घेत, पहिल्या गिअरमध्ये. दगडासारखा गोठला असेल तर आधी लोखंडी पहारीने फोडा, स्नोब्लोअर बर्फासाठी आहे, गोठलेल्या शिलेसाठी नाही.

आता अडलं तर. ताई, हा भाग तुम्ही भावोजींना दोनदा वाचून दाखवा. दोन्ही लिव्हर सोडा. इंजिन बंद करा. किल्ली काढून खिशात टाका. ऑगर आणि इम्पेलर दोन्ही थांबलेत हे डोळ्यांनी बघा. मग मशीनवरच क्लिपमध्ये अडकवलेली प्लास्टिकची काठी असते ती घ्या आणि शूट त्या काठीने मोकळं करा. हाताने नाही, ग्लव्ह घालून पण नाही, इंजिन बंद असतानासुद्धा नाही. का, तर बर्फ अडकला तेव्हा इंजिन जोर लावत होतं, तो जोर बेल्टमध्ये आणि शाफ्टमध्ये ताण होऊन अडकून राहतो, आणि तुम्ही अडकलेला गोळा सोडवलात की इम्पेलर इंजिनाशिवाय स्वतःच एक झटका देऊन फिरतो. अर्धा फेरा, पण बोटाला तेवढा पुरतो. इंजिन बंद केलं होतं, किल्ली पण काढली होती, असं रडत सांगणारी माणसं मला भेटलीत. ते खरं बोलत होते. त्यांना कोणी हे आधी सांगितलं नव्हतं एवढंच. काठी हरवली तर झाडूचा लाकडी दांडा चालेल, पण काहीतरी लांब हवंच.

कपडे: बूट चांगली पकड असलेले, कान झाकणारी टोपी आणि त्यावर आवाजाचे इअरमफ, डोळ्यांवर गॉगल. मफलर लोंबता नको. आपल्याकडची माणसं थंडीत शाल गुंडाळतात, मशीनजवळ शाल अजिबात नको, मफलरच्या जागी गळ्यात बसणारा बंद नेक वॉर्मर घ्या. नातू बर्फ बघून बाहेर धावणार, मशीन चालू असेपर्यंत त्याला आत ठेवायची जबाबदारी तुमची, काचेतून बघू दे. इंजिनाच्या आवाजात मागून आलेलं मूल ऐकू येत नाही.

तब्येतीचं स्पष्ट बोलतो. उणे दहात जोर लावणं हृदयाला जड जातं, रक्तवाहिन्या आकसतात आणि बीपी चढतं. मशीन फावड्यापेक्षा हलकं असलं तरी वळवताना जोर लागतोच. निघायच्या आधी इथे बडोद्यात डॉक्टरांना हेच विचारा, की मी थंडीत असं काम करू का, आणि बीपीची गोळी, शुगर, जे असेल ते सांगून विचारा. तिकडे उठल्या उठल्या किंवा भरपेट नाश्ता करून लगेच बाहेर पडू नका. छातीत भरून आलं, दम लागला, डावा हात दुखला तर मशीन तिथेच सोडून आत, आणि ९११, म्हणजे तिकडचा इमर्जन्सी नंबर, लावा. ड्राइव्हवे उद्या पण साफ होईल.

सराव इथेच थोडा होऊ शकतो. पादऱ्याकडे कोणा ओळखीच्याच्या शेतात भाजीसाठीचा छोटा पॉवर टिलर असेल तर भावोजींनी एक सकाळ त्याच्या मागे चालून यावं. तिथेही मशीन ओढतं आणि आपण मागून चालतो, क्लचच्या लिव्हरचा अंदाज येतो, ढकलायचं नाही मशीनला चालू द्यायचं हे शरीराला कळतं. बाकी सगळं तिकडे.

काम झाल्यावर बर्फ नसलेल्या जागी ऑगर मिनिटभर चालवून आतला बर्फ उडवून टाका, शूट एकदा दोन्ही बाजूंना फिरवा, मग इंजिन बंद, किल्ली काढा, पेट्रोलचा कॉक बंद, ब्रशने बर्फ झाडा. ओलं तसंच ठेवलं तर रात्रीत ऑगर गोठून डब्याला चिकटतो आणि सकाळी जबरदस्तीने चालवला की बेल्ट जळतो. तसं झालंच तर गॅरेजमध्ये ठेवून वितळू द्या, इंजिन न लावता. गरम इंजिन लगेच आत नेऊ नका, विशेषतः गॅरेजमध्ये गॅसचा गीझर असेल तर.

मार्चमध्ये तुम्ही परत याल तेव्हा मुलगा मशीन तसंच कोपऱ्यात लोटेल, म्हणून निघायच्या आधी भावोजींनीच ते बंद करून यावं. पेट्रोल संपेपर्यंत चालवून कार्ब्युरेटर कोरडा करा, किंवा टाकी ताज्या पेट्रोलने आणि स्टॅबिलायझरने भरून पाच-दहा मिनिटं चालवा म्हणजे ते आत पोचतं. ऑइल बदला, पिना काढून ग्रीस मारा, स्क्रेपर किती झिजलाय बघा, रंग उडालेल्या जागी थोडा स्प्रे पेंट, नाहीतर मिठाने खातं.

मशीनच्या मागे एक स्टिकर असतं त्यावर मॉडेल आणि सिरियल नंबर असतो, मुलाला त्याचा फोटो पाठवायला सांगा आणि मला कळवा, म्हणजे त्याला नेमक्या कुठल्या पिना लागतात ते सांगतो, तुम्ही पोचायच्या आधीच तो मागवून ठेवेल.